मीठ नावाची खोली

यंदा वाल उशिरा भरला. थंडी पडायची तेव्हा पडली नाही, आणि पडली तेव्हा अशी की अंगणातली बादली हात लावू देईना. परवा बांधावरून येताना माझ्या पायाखाली भांबुर्डा चिरडला गेला. आमच्या रायगडात पावसाळा सरला की हे रोप आपोआप उगवतं. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, आणि त्याच्याशिवाय पोपटी होत नाही. वास उग्र, जवळून गेलं तरी कपड्यांना लागणारा. मानसी, माझी सून, पुढे चालली होती. ती वळून म्हणाली, "आई, वास आला का? सीझन आला."

"आला की," मी म्हटलं.

आला नव्हता. तो कसा असतो हे मला आठवत होतं, एवढंच. बोलले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. दोन हिवाळ्यांपूर्वीची ती गरमी अजून गेलेली नाही बघा. भांबुर्डा उगवला की तीही उगवते.

पोपटी म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मातीचं मडकं घ्यायचं. आत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, कोनफळ, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्यातली कोंबडी. ओवा आणि जाडं मीठ भुरभुरवायचं. पाणी नाही, तेल नाही. तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. एकदा पालथं घातलं की झालं. उघडून चव बघता येत नाही, वरून चिमूट टाकता येत नाही. जे काय घातलं ते घातलं. म्हणून पोपटीत सगळा मान मीठ घालणाऱ्या हाताला.

तो हात आमच्या पाड्यात माझा होता. मी मिठागरवाल्याची लेक. माहेर उरणकडचं. आता तिथून न्हावा शेव्याचे कंटेनर जातात, तेव्हा पांढऱ्या राशी असत. बाबा खडा चिमटीत धरून सांगत, हे कालचं, हे परवाचं. मीठ सांडलं तर आम्हा पोरांना ओरडत, "सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचायला लागतं, ठाऊक हाय ना?" मी घाबरून पापण्या चोळत बसायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा सोबत काय आणलं म्हणाल, तर शाळेच्या चार इयत्ता आणि मिठाची मूठ. बाकी सगळं मागून शिकले. वाचायला चटक लागली ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. पुडी सोडायची आणि साखर डब्यात पडायच्या आत अर्धी बातमी वाचून व्हायची.

कॉम्प्युटरचंही तसंच, शेजारी बसून शिकले. मानसी नवी मुंबईतल्या कुठल्या कंपनीचं काम घरी बसून करते. मुलगा पलीकडे बंदरात कामाला, आठवड्याने येणारा, म्हणून आम्ही दोघीच. ती स्क्रीनवर, मी तिच्या बाजूला शेंगा सोलत. "हे काय गं?" विचारायची मी. ती सांगायची. कधी वैतागली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे पोपटीला पाहुण्यांची रीघ लागली होती. आजूबाजूच्या घरगुती राहण्याच्या जागांमधून लोक मागवायचे. फोनवर फोन. शेतात मी, घरात मानसी, खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातून कोंबडी आणि अंडी देणारी जुबेदा, आणि आग सांभाळणारी शेजारची कमळ. कोणाचा निरोप कोणाला पोचला आणि कोणाचा हवेत गेला, पत्ता नाही. एकदा तर दोन मडकी एकाच पाहुण्याला गेली आणि दुसरा उपाशी बसला. तेव्हा मानसी म्हणाली, "आई, मी एक वेब ॲप करते. सगळ्यांच्या फोनवर जेव्हाचं तेव्हा कळेल."

"म्हणजे ग्रुपच ना?"

"ग्रुप नाही. ग्रुपमध्ये सगळे सगळ्यांना ओरडतात."

मग शेतात आगीपाशी बसून तिने मला समजावलं. समोर एका पाहुण्याची छोकरी होती. दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, "झाली का पोपटी?" मी म्हणायची, "नाही बाळा." ती जायची, पुन्हा यायची. मानसी हसून म्हणाली, "हे बघा, नेटवरची जुनी पानं अशी चालायची. फोन सारखा सर्व्हरला विचारत राहायचा, काही नवीन आहे का, काही नवीन आहे का. सर्व्हर आपला नाही, नाही म्हणून दमायचा. आता आपण काय करायचं, तर दोघांमधला दरवाजा उघडाच ठेवायचा. हिला सांगायचं, बाळ, तू खेळ. झाली की मीच हाक मारते."

मला एवढं पटलं ते, की मी त्या छोकरीला तसंच सांगितलं. ती गेली, आणि मडकं उतरल्यावर मी हाक मारली तेव्हा धावत आली. मला वाटलं, आलं मला कॉम्प्युटर.

मग आम्ही दोघींनी ते लावायला घेतलं. हो, आम्ही दोघींनी. कोड तिचा, पण निरोपांची नावं माझी. तिने आधी इंग्रजीत कायतरी घातलेलं. मी म्हटलं, कमळला काय कळणार? नाव वाचलं की काय झालं ते दिसलं पाहिजे. 'मडकं भरलं.' 'मडकं पेटलं.' 'मडकं उतरलं.' पाहुण्याचा फोन कधी 'मडकं उतरलं' म्हणू शकणार नाही, तो फक्त 'पाहिजे' म्हणणार आणि 'मिळालं' म्हणणार. कोणी काय बोलायचं तेही ठरवलं, कोणाच्या कानावर काय पडायचं तेही. त्यासाठी खोल्या. सर्व्हरवर म्हणे खोल्या करता येतात. ज्या खोलीत निरोप टाकला, त्या खोलीत बसलेल्यांनाच तो ऐकू जातो. आम्ही तीन केल्या. पाहुण्यांची, शेताची, घराची.

"आपल्या ओट्यापेक्षा बरं," कमळ म्हणाली. "ओट्यावर कुजबुजलं तरी खाडीपल्याड जातंय."

ओट्याचं सांगते. संध्याकाळी बायका ओट्यावर बसायच्या, कोणा ना कोणाची उणीदुणी निघायची. आणि जिची निघाली तीच समोरून आली, तर? तर कोणीतरी मोठ्याने विचारायचं, "भरती कधी गो आज?" की सगळ्या गप्प. येणारी बिचारी भरतीची वेळ सांगत बसायची. ही युक्ती माझी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी काढली आणि पाड्यातल्या प्रत्येक नव्या सुनेला शिकवली, कमळलाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मला ताप येऊन गेला होता. ताप गेला, अंगात बळ आलं, मी उठून कामाला लागले. एवढंच की जेवण पाणचट लागायचं. मला वाटलं, मानसीचा हात हलका आहे. म्हटलं नाही काही, सुनेला कशाला बोला. ताटात वरून मीठ घ्यायची. मग वाटलं, यंदाचं मीठच पाणचट. दुकानदाराला बोल लावला. एकदाही मनात आलं नाही की दोष जिभेचा असेल. पायाने अधू झालेला माणूस लंगडतो तेव्हा त्याला कळतं. जीभ लंगडली तर कळणार कशाने? जिभेनेच ना?

पाहुणे मात्र खूश होते. मिटक्या मारत खायचे. "काकी, तुमच्या हाताला चव आहे," म्हणायचे. मी पदर खोचून दुसरं मडकं भरायला घ्यायची.

आता ती संध्याकाळ.

सूर्य अजून नारळांच्या वर होता. पाहुण्यांचा एक मोठा कुटुंबकबिला शेतात चटया टाकून बसलेला. मीठ संपत आलं म्हणून मी पिशवी आणायला घरी आले. दुपारपासून लाईट नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आमचा जुना टॅब टांगलेला असतो, त्यावर घराच्या खोलीचे निरोप येतात. सकाळी त्यात काही बिघडलं म्हणून मानसीने तो आपल्या नावाने उघडून दुरुस्त केला होता, आणि तसाच ठेवून ती शेतात गेली. आमच्या घरात छत्री, चप्पल आणि चार्जर कोणा एकाचा कधी नव्हताच. टॅबही तसाच.

मी पिशवी काढली आणि लाईट आली. वायफायच्या डब्याचे दिवे लागले. टॅब टुण्‌ म्हणाला. मग पुन्हा टुण्‌. मग टुण्‌ टुण्‌ टुण्‌. मला ते ठाऊक होतं, कारण हेही मीच सुचवलेलं. आमच्याकडे नेट वरचेवर जातं. मी म्हटलं होतं, मानसी, मधल्या वेळेत आलेले निरोप मेले असं नको. जोडणी परत लागली की सर्व्हरने राहिलेलं सगळं ओळीने सांगायला पाहिजे. माहेरवाशीण आली की आपण सांगतो ना, तू नव्हतीस तेव्हा हे झालं, मग ते झालं. तसं.

तसंच सांगत होता तो. मी कौतुकाने बघायला गेले.

वर चार खोल्या दिसत होत्या. चौथीचं नाव 'मीठ'.

कमळ: आज मूठ जड पडणार. काकी सकाळपासून उत्साहात हायत.

जुबेदा: मी कोंबडीला मीठच न्हाय लावलं. मसाला बिनमिठाचा आणलाय. काकी घालतील ते पुरेल.

मानसी: शेंगांवरचं मी झटकते. त्यांची पाठ वळू दे.

कमळ: परवाच्या मडक्याला तू नव्हतीस. पाहुण्यांनी एवढं पाणी प्यायलं की विहीर घाबरली.

जुबेदा: हसू नको ग. गुनाह लागेल. कोणीतरी सांगायला पाहिजे त्यांना.

कमळ: तू सांग.

जुबेदा: मी न्हाय. बाळंतपणात त्यांच्याच हातचं खाऊन उठले मी. मी कुठल्या तोंडाने सांगू, काकी, तुम्हाला चव न्हाय कळत?

मानसी: कोणी सांगू नका. हा सीझन असाच काढू.

कमळ: बिचाऱ्या.

विहीर घाबरली यावर मला हसू आलं असतं. जुबेदाच्या बोलण्यावर रडू आलं असतं. पण त्या शेवटच्या एका शब्दाने दोन्ही अडवलं. बिचाऱ्या. मला. मिठागरवाल्याच्या लेकीला.

 आठवत गेलं एकेक. जुबेदा हल्ली मसाल्याचं पातेलं माझ्यापुढे चाखायला का धरत नाही. मी वळले की मानसी मडक्यापाशी का वाकते. मला वाटायचं, शिकतेय पोर. पाहुणे "चव आहे" म्हणायचे तेव्हा या तिघी एकमेकींकडे का बघायच्या नाहीत. सगळा सीझनभर माझ्याभोवती निरोप फिरत होते. नीट, शिस्तीत, ज्याचे त्याला पोचत होते. फक्त ज्या एका बाईबद्दल होते, तिच्यापर्यंत ते पोचू नयेत अशी सोय होती. आणि ही खोल्यांची सोय उभारायला मीच पुढे होते.

त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग उभं राहायला मदत करतो. लाज बसायला लावते. मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला बसले, आणि बसताना हात टॅबला लागला. लिहायची चौकट उघडली. बोट कुठल्याशा अक्षरावर पडलं असेल. पुसायला गेले तर आणखी अक्षरं उमटली.

तुम्हाला ठाऊक आहे ना, कोणी लिहायला लागलं की बाकीच्यांना तसं दिसतं? आमच्या ॲपमध्येही मानसीने ते ठेवलं होतं. टॅब तिच्या नावाने उघडलेला. शेतात सगळ्यांच्या फोनवर उमटलं, 'मानसी लिहीत आहे'.

क्षणभराने कमळचा निरोप आला.

कमळ: मानसी, तुझे दोन्ही हात पेंढ्यात हायत. मग लिहितंय कोण?

 मी टॅबकडे बघत होते आणि मला माहीत होतं की शेतात तिघी आपापल्या फोनकडे बघतायत, आणि त्यांनाही माहीत होतं की मी बघतेय. मानसी म्हणायची ना, सर्व्हरला माणूस ओळखता येत नाही, नाव आणि जोडणी कळते. त्या संध्याकाळी सर्व्हर सोडून सगळ्यांना माणूस ओळखता आला.

पिशवी घेऊन मी शेतात गेले. न जाऊन करते काय, पाहुणे बसलेले. चालताना पाय शेणात पडला तरी कळलं नाही. तिघी मडक्याभोवती बसल्या होत्या, माना खाली घालून. मला लांबून बघितलं आणि कमळच्या तोंडून, सवयीने, अगदी मोठ्याने निघालं,

"भरती कधी गो आज?"

निघालं आणि तिने तोंडावर हात मारून घेतला. जुबेदाने "या अल्लाह" म्हणून डोळे मिटले. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं समोरून येणाऱ्या बाईला ते वाक्य कसं ऐकू येत असेल. आम्हाला वाटायचं, तिला कळत नाही. कळत असणार. भरतीची वेळ सांगत असतील त्या, मान राखून.

"साडेसातला," मी सांगितलं. आणि मडक्यापाशी बसले.

आता काय करायचं? पिशवी मानसीच्या हातात द्यायची, एवढं सोपं होतं. पण पाहुण्यांतली एक बाई फोन उभा धरून व्हिडिओ काढत होती. "काकी, मीठ घालताना दाखवा हं." मी पिशवीत हात घातला. मूठ भरली. नेहमीएवढी? जास्त? कमी? मला काही कळेना. इतकी वर्षं मुठीने स्वतःच ठरवलेलं, आता ती मला विचारत होती. मी घातली. मानसीकडे पाठ केली, मुद्दाम, तिला झटकता यावं म्हणून. थोडा वेळ तशीच थांबले. मागे काहीच हललं नाही. मला कळलंय हे तिला कळल्यावर तिचा हात उचलेना. माझं तोंड उघडेना. मडकं पालथं पडलं.

आग छान लागली. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, ते चर्र करून उडाले. पोपटी झाली. कोंबडी बरी असणार, जुबेदाने वाचवलेली. शेंगा तोंडात टाकल्या आणि पाहुणे एकेक करून पाण्याच्या कळशीकडे गेले. "छान आहे हं, काकी," त्या व्हिडिओवाल्या बाईने सांगितलं आणि तांब्या पुन्हा भरून घेतला. मीही एक शेंग सोलली. दाणे खाल्ले.

मला छान लागले. हेच सगळ्यात वाईट.

उरलेला सीझन मी गुडघा दुखतो म्हणून घरात काढला. गुडघा उत्तम होता. डॉक्टरकडे जाऊन आले, तो म्हणाला, होतं असं तापानंतर, त्यात वय, परत येईल नाहीतर नाही येणार. मानसीने एका सकाळी चहा ठेवत, माझ्याकडे न बघता सांगितलं, "आई, ती खोली मी काढून टाकली." मी "कुठली?" म्हटलं. ती कप विसळायला लागली. गेल्या वर्षीच्या सीझनलाही गुडघा दुखला. मीठ मानसी घालायची, आणि घरी येऊन मला विचारायची, "आज किती घालायला हवं होतं, आई?" मी सांगायची. कशाच्या आधारावर, देव जाणे. ती मान डोलवायची.

विचार केला तर तिघींनी मला वाचवलंच होतं. कोंबडी अळणी आणणं हे काय सोपं काम आहे? दुसऱ्याच्या चुकीएवढी जागा आपल्या कामात मोजून रिकामी ठेवायची. पण वाचवलं जाण्याची लाज काही वेगळीच असते. चूक केली तर माफी मागता येते. म्हातारं झाल्याबद्दल कोणाची माफी मागायची?

परवा भांबुर्ड्याच्या वासाचं खोटं बोलले, आणि घरी येईपर्यंत ते माझ्या मागून चालत आलं. जेवताना मी मानसीला म्हटलं, "मला वास नाही आला."

तिचा घास हातात राहिला. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ती खोली परत कर. नाव तेच ठेव. आणि मला आत घे. माझ्या नावाने, टॅबवर नाही, माझ्या फोनवर."

"आई, नको ना."

"सर्व्हरला सांग, ही बाई आता आत आहे. म्हणजे कोणाला भरती विचारायला नको."

आज यंदाचं पहिलं मडकं. पाहुणे यायचेत अजून. जुबेदा नावेतून उतरतेय, कमळ पेंढा आणायला गेलीय, मानसी घरी कामाच्या मीटिंगमध्ये. मडकं भरून माझ्या पुढ्यात आहे, फक्त मीठ राहिलंय. ते घालायचं, आणि त्या तिघी येईपर्यंत थांबायचं नाही, असं मी ठरवलं होतं. उजव्या हाताची मूठ भरली. डाव्या हाताने फोन उघडला. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. सगळ्यांना दिसत असणार, 'काकी लिहीत आहे', मग काही नाही, मग पुन्हा 'काकी लिहीत आहे'. दिसू दे म्हटलं. आणि एका दमात पाठवलं,

'मूठ भरलीय. मला कळत नाही. बघा.'

खाली मुठीचा फोटो.

लगेच उमटलं. जुबेदा लिहीत आहे. कमळ लिहीत आहे. मानसी लिहीत आहे. तिन्ही एकदम. आणि निरोप मात्र एकीचाही येईना. लिहितायत, पुसतायत. मी हात तसाच धरून बसले, बोटांना घाम फुटला, मीठ ओलं व्हायला लागलं.

शेवटी कमळचाच आला. 'काकी, अर्धी सोडा.'

पिशवी बाजूलाच होती. पण डाव्या हातात फोन, उजव्यात मूठ, आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर. मी मूठ तिथेच मडक्याशेजारी सैल केली. अर्धं मीठ मातीत पडलं. पापण्यांनी वेचायचं तेव्हा वेचीन. तशाही त्या खालीच झुकल्यात.